राजीनामा आणि कबुलायत : मराठी गद्यातील नोकरीत्यागाविषयी काही विचार

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी या गावी गेल्या वर्षी एका स्नेह्यांकडे जुनी दप्तरे पाहण्याचा योग आला. गाव सीमेवरचे, घरात कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषा चालतात. एका बासनात त्यांच्या पणजोबांनी जमीन सोडल्याचा कागद निघाला आणि त्यावर 'राजीनामा' असे शीर्षक होते. यजमानांचा धाकटा मुलगा तो कागद हाती घेऊन हसला. सोलापुरातील कायमची नोकरी सोडून दुधनीच्या बाजारात तुरीचा व्यापार करावा, हे त्याच्या मनात वर्षभर घोळत होते, पण धीर होत नव्हता. वडील बाजूने बोलले, थोरला भाऊ विरुद्ध बोलला. आई बराच वेळ गप्प होती. शेवटी एवढेच म्हणाली, "ते सगळं खरं रे, पण पुढच्या महिन्याला घरात काय आणायचं?"

प्रस्तुत लेखाचा विषय त्या घरातील वाद हा नव्हे. परंतु त्या माउलीचा प्रश्न मनात ठेवून मराठीतील नोकरीत्यागाचे लेखन वाचू लागलो, तेव्हा ज्यांना आपण या बाबतीतील आदर्श ग्रंथ किंवा आदर्श प्रसंग समजत आलो, त्यांचा क्रम माझ्यापुरता तरी बदलला.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. 'नोकर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत तो मंगोल भाषेतून आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ सोबती, सरदाराचा साथीदार असा होता. 'राजीनामा' म्हणजे राजी असल्याचा लेख. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत खातेदाराने जमीन सोडताना राजीनामा द्यावयाचा आणि नव्या खातेदाराने कबुलायत लिहून द्यावयाची, असा परिपाठ होता. म्हणजे एकाचे सोडणे आणि दुसऱ्याचे पत्करणे ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होत. पुढे नोकरीच्या संदर्भात पहिला शब्द टिकला आणि दुसरा गळाला. माझ्या मते हा लोप केवळ कोशापुरता नाही. आपल्या चरित्रवाङ्मयातही राजीनामा ठळक अक्षरात येतो; कबुलायत कोणी दिली, हे मात्र बहुधा शोधावे लागते. आणखी एक गोष्ट अशी की, ज्या मुलखात राजीनामा या शब्दाने शेताची आठवण होत असे, त्या मुलखात नोकरी सोडण्याचे भय हे निव्वळ पगार बुडण्याचे भय राहत नाही. नोकरीला तेथे वतनाची कळा आलेली असते आणि वतन सोडणारा हा पूर्वजांचा व वंशजांचा दोघांचाही अपराधी ठरतो.

मराठीतील सर्वांत गाजलेला राजीनामा विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. पुण्याच्या सरकारी शाळेतून त्यांची बदली रत्नागिरीस झाली, १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. (बॉम्बे लँड रेव्हेन्यू कोडही १८७९ चाच, योगायोगापलीकडे त्यात अर्थ शोधू नये.) या प्रसंगाचे वर्णन पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून नेहमी शृंखला तोडण्याच्या भाषेत होत आले. ही भाषा ओजस्वी आहे, परंतु भयाविषयी ती काहीच सांगत नाही. उलट, शास्त्रीबुवांना भय असे वाटलेच नाही, असा वाचकाचा समज ती करून देते. तो समज सामान्य वाचकाच्या उपयोगाचा नाही. ज्याला भयच नाही त्याच्यापासून भित्र्याने शिकावयाचे काय?

वस्तुस्थिती अधिक बोधक आहे. राजीनाम्याच्या वेळी 'निबंधमाला' सहाव्या वर्षात होती. ती १८७४ मध्ये, म्हणजे सरकारी नोकरीत असतानाच, निघाली होती. चित्रशाळेची स्थापना १८७८ ची. शाळेच्या कामी तरुण सोबती मिळत होते आणि मुद्रण व प्रकाशन यांचे व्यवसाय डोळ्यांसमोर होते. तात्पर्य, मैंदर्गीच्या त्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रीबुवांनी पाच-सहा वर्षे आधीपासून सिद्ध करीत आणले होते. याने त्यांच्या धैर्याला उणेपणा येतो असे मला वाटत नाही. धैर्याची पूर्वतयारी लपविली की धैर्य दैवी वाटू लागते आणि अनुकरणास निरुपयोगी होते. राजीनाम्यानंतर त्यांना जेमतेम अडीच वर्षे मिळाली. १७ मार्च १८८२ रोजी ते वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या घराविषयी आपली व्याख्याने किती वाक्ये खर्च करतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आगरकरांनी विद्यार्थिदशेत आईला लिहिलेल्या पत्राचेही असेच झाले आहे. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, या आशयाचे ते पत्र पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्यातील निर्धार निर्विवाद आहे. परंतु पत्र एकाचे आणि जीव दोघांचा. आईने ते वाचून काय म्हटले असेल, हा प्रश्न आमच्या शाळेत कोणी विचारला नाही. आम्हालाही तो सुचला नाही.

तो प्रश्न विचारणारे, किंबहुना त्याचे उत्तरच लिहिणारे पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची स्तुती आजवर भाषेच्या साधेपणासाठी, विनोदासाठी आणि धर्मांतराच्या कहाणीसाठी झाली. नोकरीत्यागाचा ग्रंथ म्हणून तो वाचला गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक नारायण वामन टिळक हे नोकरी सोडणाऱ्यांतील अग्रणीच म्हणावयास हवेत. नागपूर, राजनांदगाव अशी गावे एकामागून एक येतात. काम मिळते, मन रमते, बिनसते, आणि स्वारी निघून जाते. त्यांना भय ठाऊक नव्हते. त्यांच्या वाट्याचे भय लक्ष्मीबाईंच्या पदरी पडे, आणि त्या ते नातलगांच्या घरी, दुसऱ्यांच्या चुलीपाशी बसून सोशीत.

येथे समीक्षकाने सावध असावे. लक्ष्मीबाई तक्रारीचे पुस्तक लिहीत नाहीत. पतीवर त्यांचे प्रेम आहे, त्यांच्या विक्षिप्तपणाचे कौतुकही आहे. आणि हसता हसता त्या अशी काही वस्तुस्थिती सांगून जातात की, हसणे अर्ध्यावर थांबते. हातात किती पैसे होते, कोणाकडे राहावे लागले, तेथे कोणी काय सुनावले, हा तपशील त्या सोडीत नाहीत. चरित्रकार जेथे 'त्यांनी नोकरीवर पाणी सोडले' असे लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळतो, तेथे लक्ष्मीबाईंचे प्रकरण सुरू होते. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतल्यावर त्यांना पतीपासून दूर राहावे लागले. त्यातील काही काळ त्या पंढरपुरात होत्या. त्या भागात तर भयाचा आवाका संसाराच्या हिशेबापलीकडे जातो. नोकरी, जात, नवरा, मुलगा, सगळेच एकदम हातून निसटू पाहत आहे. तरीही लेखिकेचा स्वर चढत नाही.

मग हे भय ओसरते कसे? ग्रंथ याचे सरळ उत्तर देत नाही आणि ते त्याच्या थोरवीला साजेसेच आहे. परंतु अनुक्रमाने वाचल्यास एक गोष्ट दिसते. प्रारंभीच्या भागात भय अमूर्त असते: आता काय होईल? पुढे पुढे ते मोजता येऊ लागते: उद्या काय शिजवावयाचे, मुलाला कोठे ठेवावयाचे? संकट नाहीसे होत नाही, पण त्याला आकार येतो, आणि आकार आलेल्या संकटाशी ही बाई वाद घालू शकते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. तोवर त्या नवशिक्या राहिल्या नव्हत्या. टिळकांचा तो राजीनामा वाङ्मयेतिहासात नोंदला गेला. कबुलायत लक्ष्मीबाईंची होती.

हा सारा विचार पांढरपेशा घरांपुरता आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो अंशतः रास्त आहे. म्हणून एका निराळ्या लेखनाकडे लक्ष वेधतो. १९२७ मध्ये निघालेल्या 'बहिष्कृत भारत'मधून डॉ. आंबेडकरांनी महार वतनाचा प्रश्न मांडला आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. ही चाकरी अशी की, कामाला वेळ नाही, मर्यादा नाही, घरातील कोणालाही राबावे लागे. मोबदला म्हणजे थोडी जमीन आणि बलुते. असे असूनही ती सोडण्याचे भय मोठे होते, कारण हातची भाकर जाईल ही भीती खोटी नव्हती. बाबासाहेबांचे या विषयावरील गद्य पाहण्यासारखे आहे. भिऊ नका, असे सांगून ते थांबत नाहीत. ते हिशेब मांडतात: पदरात पडते किती, द्यावे लागते किती, आणि या आधारामुळे माणसाची महत्त्वाकांक्षा कशी खुरटते. स्वाभिमानाचे आवाहन आहेच, पण ते हिशेबाच्या पायावर उभे आहे. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. एक माणूस वतन सोडतो तेव्हा गाव त्याला बहिष्कृत करू शकते, सगळे मिळून सोडतात तेव्हा प्रकार निराळा होतो, ही जाणही त्या लेखनात आहे. विष्णुशास्त्र्यांच्या दंतकथेत ती शोधून सापडणार नाही.

शैलीच्या दृष्टीने 'स्मृतिचित्रे' आणि हे राजकीय गद्य यांत साम्य काढणे धाडसाचे वाटेल. एकात बोलीचा खेळ, दुसऱ्यात वकिलाचा युक्तिवाद. तथापि दोहोंत तांदूळ, जमीन, दिवस, पैसा मोजले जातात, आणि भय बाळगणाऱ्याला दोन्ही लेखक हिणवीत नाहीत. ओजस्वी गद्याची आपली परंपरा मोठी आहे. तिच्या तुलनेत मोजणाऱ्या गद्याची परंपरा आपण वाङ्मय म्हणून पुरेशी अभ्यासली नाही. आनंदीबाई कर्वे यांचे १९४४ चे 'माझे पुराण' याच दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. महर्षींच्या दातृत्वाची दुसरी बाजू त्यात एका गृहिणीच्या रोखठोक शब्दांत आली आहे.

मैंदर्गीहून निघताना त्या मुलाने वहीचे एक पान दाखविले. त्यावर बारा महिन्यांचे रकाने आखलेले होते. पहिल्या तीन रकान्यांत आकडे त्याने भरले होते, चौथ्यापासून पुढचे आईच्या अक्षरात, कानडीत होते.