'परवडणे' आणि 'विमा' : आरोग्यविम्याच्या परिभाषेची एक चिकित्सा

विकसनशील देशास राष्ट्रीय आरोग्यविमा परवडेल काय, हा प्रश्न आपल्याकडे गेली ऐंशी वर्षे विचारला जात आहे. अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर आकड्यांत शोधले, आणि ते योग्यच होय. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याहून मर्यादित आहे. प्रश्न ज्या शब्दांत मांडला जातो ते शब्द तपासावेत, त्यांतील कोणता शब्द काय झाकतो हे पाहावे, आणि त्या तपासणीनंतर उत्तराची दिशा बदलते काय याचा विचार करावा, एवढेच येथे योजिले आहे.

१

प्रथम क्रियापद घेऊ. 'परवडणे' या क्रियापदाबरोबर ज्यास परवडते तो चतुर्थीत येतो : 'मला परवडते', 'शेतकऱ्याला परवडत नाही'. खर्च सोसणारा आणि वस्तू भोगणारा असे दोघेही या एकाच पदात सामावलेले असतात. 'मला बैलजोडी परवडत नाही' या वाक्यात पैसाही माझा आणि बैलजोडीही माझीच. म्हणून अर्थाचा घोटाळा होत नाही. 'देशाला परवडत नाही' असे म्हणताच तो सुरू होतो. आजारी पडणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि निर्णय घेणारा तिसरा असू शकतो, ही गोष्ट 'देशाला' या पदाआड दडून जाते.

दुसरी फसगत नकाराची आहे. बैलजोडी घेतली नाही म्हणजे तिचा खर्च टळतो. आजार मात्र परवडत नाही म्हणून टळत नाही. तो येतोच, आणि त्याचा खर्चही होतो. फक्त तो कोणाच्या तरी घरात होतो. राष्ट्रीय आरोग्यलेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च कुटुंबांनी थेट खिशातून केला. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. त्याच काळात सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला; २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरविले होते. तेव्हा देश पैसे देत नाही असे नाही. तो देतोच आहे. ते कोणी द्यावेत, आणि आजाराच्या आधी की आजाराच्या वेळी, एवढाच वाद उरतो.

२

आता 'विमा' हा शब्द. तो फारसी-उर्दू परंपरेतून मराठीत आला असून त्याचे नाते 'बीम' म्हणजे भय या शब्दाशी जोडले जाते. पुढे येणाऱ्या भयासाठी आज वर्गणी द्यावी, अनेकांची वर्गणी एकत्र करावी आणि ज्यावर प्रसंग येईल त्यास तीतून साह्य करावे, ही विम्याची तीन अंगे होत. जर्मनीने १८८३ मध्ये कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, तो याच पायावर. कारखान्यात नियमित पगार होता, पगाराचे पुस्तक होते, आणि त्या पुस्तकातून वर्गणी कापून घेता येत होती.

आपल्याकडे प्रा. अदारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अशीच योजना सुचविली. तीतून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस आरंभ झाला. मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के, असे दर २०१९ मध्ये ठरले. या योजनेच्या कारभाराविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. तथापि ती शब्दशः विमा आहे, हे मान्य केले पाहिजे.

तिची मर्यादा कोठे येते हे पाहण्यास खोपोलीचा शिळफाटा पुरेसा आहे. (ठाणे जिल्ह्यातील कल्याण-शीळ रस्त्यावरचा त्याच नावाचा नाका वेगळा.) जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील हा परिसर कारखान्यांचा आहे, खोपोलीचे टाटांचे जलविद्युतगृह १९१५ पासूनचे. येथील कायम कामगाराचे नाव पगाराच्या पुस्तकात असते. त्याच खालापूर तालुक्यात आणि शेजारच्या कर्जत तालुक्यात ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. भाताची कापणी उरकली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात, आणि जाण्यापूर्वी मालकाकडून 'उचल' घेतात.

हा 'उचल' शब्द आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विमा म्हणजे उद्याच्या संकटासाठी आज दिलेला पैसा. उचल म्हणजे उद्याच्या श्रमाचा आजच खर्च झालेला पैसा, आणि तो खर्च पुष्कळदा घरातील आजारपणासाठीच झालेला असतो. अर्थाच्या दृष्टीने हे दोन शब्द परस्परांचे उलट आहेत. ज्याची मजुरी हाती येण्यापूर्वीच संपली आहे, त्याच्याकडून वर्गणी कशातून कापावी? प्रशासन कितीही सुधारले तरी ही अडचण दूर होणारी नाही, कारण ती उत्पन्नाच्या स्वरूपातच आहे.

३

अदारकरांनंतर दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. या समितीने अडचण ओळखली होती. बहुसंख्य लोकांस वर्गणी झेपणार नाही. म्हणून वैद्यकीय सेवा सर्वांस विनामूल्य असावी आणि ज्यांस शक्य आहे त्यांनी आपला वाटा करांच्या रूपाने द्यावा, असा तिचा अभिप्राय होता. आपण अदारकरांची योजना पगारदारांस लागू केली. भोर समितीची प्राथमिक आरोग्य केंद्रे १९५२ पासून उघडली, पण त्यांस पुरेसा पैसा व पुरेसे डॉक्टर कधी दिले नाहीत.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. रायगड त्यांपैकी एक होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. राज्याच्या योजनेत कुटुंबामागे आरंभी दीड लाख रुपयांची मर्यादा होती. ती पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि सर्व कुटुंबांस योजना खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. जमीन विकून हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली असती अशा घरांस या योजनांनी आधार दिला, हे निःसंशय.

परंतु यांस 'विमा' म्हणणे कितपत योग्य आहे? रुग्ण वर्गणी देत नाही. पैसा सरकारी तिजोरीतून येतो. वस्तू कराची आणि नाव विम्याचे, अशी ही रचना आहे. नावाचा परिणाम व्यवहारावर होतो. विम्याच्या भाषेत मोठे भय तेवढे मोजले जाते. म्हणून भर रुग्णालयातील भरतीवर आणि ठरावीक उपचारांच्या यादीवर राहिला. ताप, खोकला, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या यांस यादीत जागा नाही, आणि कुटुंबांच्या खिशातील खर्चाचा मोठा भाग तर औषधांवर व दवाखान्याच्या फेऱ्यांवर होतो. शिवाय शिधापत्रिका वाडीत आणि कुटुंब भट्टीवर, अशा स्थितीत योजना कागदावरच राहण्याचा संभव असतो.

कामगार विमा योजनेत रुग्णास 'विमेदार' म्हणतात. येथे त्यास 'लाभार्थी' म्हणतात. 'अर्थी' म्हणजे इच्छा धरणारा, याचना करणारा. विमेदार मागणी करू शकतो. लाभार्थ्याने उपकार मानावा अशी अपेक्षा असते. वस्तुतः भट्टीवरील स्त्रीदेखील साबणाची वडी व चहाची पुडी घेताना कर भरते. वर्गणी देत नाही म्हणून ती काहीच देत नाही, हा समज चुकीचा आहे.

४

इतर देशांच्या अनुभवातही नाव आणि वस्तू यांचा हा भेद दिसतो. घानाने २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचा कायदा केला. त्याचा मुख्य आधार विक्रीवरील विशेष कर हा आहे. थायलंडने २००२ मध्ये असंघटित जनतेचा भार सरळ सरकारी तिजोरीवर घेतला आणि जिल्हा रुग्णालये व ग्रामीण केंद्रे यांच्याद्वारे सेवा दिली. जपानला १९३८ च्या कायद्यापासून १९६१ च्या सार्वत्रिक विम्यापर्यंत पोहोचण्यास तेवीस वर्षे लागली.

यावर आक्षेप असा की, गरीब देशाचे करउत्पन्नच तोकडे असते. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा ठरतो. विम्याचे पत्र डॉक्टर निर्माण करीत नाही. आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक केंद्र व तीन हजारांमागे एक उपकेंद्र, हे आपलेच ठरविलेले प्रमाण आहे. तेथे डॉक्टर, परिचारिका व औषधे नसतील तर विम्याचा पैसा शहरातील रुग्णालयांकडे वाहणार. आधी केंद्र चालते करणे आणि त्यावर रुग्णालयाच्या खर्चाची हमी उभारणे, हा क्रम तुटपुंज्या तिजोरीस झेपणारा आहे; उलटा क्रम झेपणारा नाही.

तेव्हा निष्कर्ष असा : शब्दाच्या काटेकोर अर्थाने सर्वांसाठी 'विमा' विकसनशील देशास चालविता येणार नाही, कारण वर्गणी देण्याजोगे नियमित उत्पन्न बहुसंख्यांस नाही. करांवर आधारलेली सार्वत्रिक आरोग्यसेवा मात्र त्यास चालविता येईल. तिचा खर्च आजही कुटुंबे करीतच आहेत, आणि तोही सर्वांत महाग रीतीने. या सेवेसाठी 'लाभार्थी' ऐवजी 'हक्कदार' हा मराठीस परिचित शब्द वापरावा, अशी सूचना करावीशी वाटते. आरोग्यविषयक शासननिर्णयांतील मराठीचा पद्धतशीर अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास या विवेचनातील उणिवा भरून निघतील.