ठरावीक वेळेचे लेखन

आपल्या लेखनाच्या आशयावर पुष्कळ चर्चा झाली. नकार, विद्रोह, बांधिलकी, भाषा यांवर परिसंवाद झाले, अजूनही होतात. पण लिहिलेले वाचकापर्यंत कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न समीक्षेने कधी आपला मानला नाही. तो व्यवस्थापकाचा, फार तर टपालखात्याचा प्रश्न ठरला. माझ्या मते तो वाङ्मयीन प्रश्न आहे.

31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले. पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. लेखन होते, शाहू महाराजांचे 2,500 रुपयांचे साहाय्य होते. अडवली गेली ती वार्ता. असे एक पत्र निघते आहे, एवढे लोकांना कळण्याचीच वाट बंद केली गेली. पुढे 1927 साली सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागले. हे आपण अभिमानाने सांगतो, पण रकाने भरणाऱ्यालाच प्रसाराचीही चिंता वाहावी लागत होती, याची दखल घेत नाही.

आज ही चिंता यंत्रावर सोपवता येते. बफर, हूटसूट अशी साधने आहेत, फेसबुक-इन्स्टाग्रामची स्वतःचीही सोय आहे. लेखाचा दुवा, दोन ओळींचा मजकूर आणि चित्र आठवडाभर आधी भरून ठेवावे, दिवस आणि वेळ नेमून द्यावी. आपण वर्गात शिकवत असताना ते आपोआप प्रसिद्ध होते. याला 'शेड्यूल करणे' म्हणतात. काही मित्रांना यात कृत्रिमता दिसते. चळवळीचे लेखन यंत्राच्या रांगेत उभे करू नये, असे ते म्हणतात. मला हा आक्षेप मान्य नाही. तो ज्यांच्याकडे पगारी माणसे आहेत, त्यांना शोभतो. आम्ही चार-पाच शिक्षक आणि विद्यार्थी मिळून एका संकेतस्थळावर लेख प्रसिद्ध करतो. त्यांत निम्मे तासिका तत्त्वावर शिकवणारे आहेत, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावणारे. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. घरचे छापखाने आणि ओळखीचे संपादक आमच्या वाट्याला आलेले नाहीत. रविवारी रात्री बसून आठवड्याची रांग लावून ठेवता येते, ही आमच्यासारख्यांसाठी लहान गोष्ट नव्हे.

पण या साधनाला स्वतःची एक अभिरुची आहे, आणि प्रस्थापित अभिरुचीची चिकित्सा करणाऱ्या आपल्या समीक्षेने तिला मोकळे सोडता कामा नये. हे यंत्र 'उत्तम वेळ' सुचवते. ती कशी काढते? आजवर जे वाचक आले ते कोणत्या वेळी जागे होते, यावरून. आमच्या आलेखात ती रात्रीची वेळ येते. जेवण आटोपून फोन हातात घेणाऱ्यांची. मी दिंडोशीत राहतो. संतोषनगरच्या चढावरून पहाटे घरकामाला निघणाऱ्या बाया, फिल्मसिटीत सेट उभारणारे मजूर, गोरेगावच्या सोसायट्यांत रातपाळी करणारे रखवालदार यांची उसंत त्या आलेखात नाही. फोन त्यांच्याकडेही आहेत, वाचणारेही त्यांत आहेत. पण जो वाचक कधी आलाच नाही त्याची वेळ यंत्राला ठाऊक नसते, आणि ठाऊक नसल्यामुळे तो पुढेही येत नाही. मध्यमवर्गीय वाचक गृहीत धरून लिहिणाऱ्या साहित्यिकांवर आपण इतकी वर्षे टीका केली. तेच गृहीतक आता आपल्या पानांवर आकडेशास्त्र होऊन आले आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते. लेखाबरोबर जी दोन ओळींची ओढ द्यावी लागते, ती कोठून घ्यायची? गायरान जमिनीच्या नोंदींवर एका विद्यार्थ्याने कष्टाने लेख लिहिला. सातबाऱ्याचे उतारे, अतिक्रमणाच्या नोटिसा, सगळे तपासून. त्यात एके ठिकाणी त्याच्या आजीला पाणवठ्यावर ऐकावे लागलेले शब्द होते. दुवा देताना आम्ही आधी जमिनीचा मुद्दा पुढे ठेवला, नंतर आजीचा प्रसंग. वाचक दुसऱ्या वेळी धावून आले. जे चालले तेच पुन्हा लावा, असा साधनाचा सल्ला. 1978 साली 'बलुतं' आले, त्यानंतर दलित आत्मकथनांकडे मराठी वाचक वेदनेचा ऐवज म्हणून पाहतो की विचार म्हणून, यावर वाद झडले. तो वाद संपलेला नाही. त्या वेळी निदान वाचकाला पुस्तक उघडावे लागत असे. येथे जखम कापून दारावरच टांगली जाते. त्या विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, पुढचा लेख आजीपासूनच सुरू करू का?" यंत्र येथे लेखनाच्या पहिल्या वाक्यापर्यंत पोचलेले असते. मी त्याला जमिनीपासूनच सुरुवात करायला सांगितले.

तिसरी गोष्ट दिनदर्शिकेची. 3 जानेवारी, 11 एप्रिल, 14 एप्रिल, 6 डिसेंबर यांची अभिवादने वर्षभर आधी भरून ठेवता येतात आणि ठेवली जातात. 1 जानेवारीचेही तसेच. 2018 च्या 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या लोकांवर दगडफेक झाली. अशा दिवशी आधी लावून ठेवलेला हसरा अभिवादनाचा मजकूर ठरल्या मिनिटाला बाहेर पडतोच; त्याला रस्त्यावर काय चालले आहे ते कळत नाही. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजी घडले. मोठी वृत्तपत्रे दीर्घकाळ गप्प होती, तेव्हा कार्यकर्त्यांनी सत्यशोधनाचे अहवाल हातोहात, इमेलने पसरवले. त्या प्रसाराची वेळ कोणी नेमून दिलेली नव्हती.

आणि ही वाट आपली नाहीच. 2023 साली ट्विटरने बाहेरच्या साधनांचा फुकट प्रवेश जवळजवळ बंद केला. तोवर फुकट असलेले ट्वीटडेक त्याच वर्षी पैसे भरणाऱ्यांपुरते उरले. व्हॉट्सअॅपवर आपले वाचक सर्वाधिक, पण तेथे 2020 पासून वारंवार पुढे गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अफवा रोखायला हे बंधन आले, हे खरे. त्याच चाळणीतून आपला लेखही जातो, हेही खरे. 1920 साली नकार देणाऱ्याचे नाव तरी ठाऊक होते.

सध्या आम्ही रांग फक्त तीन दिवसांची ठेवतो. ती थांबवण्याचे काम पाळीपाळीने एकेकाकडे असते. सकाळच्या बातम्या पाहिल्याशिवाय त्याने घर सोडायचे नाही. शिवाय प्रत्येक लेखाचा एक दुवा पहाटे पाचला जातो. त्या वेळेला वाचक फार थोडे, आलेखात रेघ जवळजवळ जमिनीला टेकलेली. साधन दर आठवड्याला ही वेळ बदला म्हणून सुचवते. आम्ही बदललेली नाही.