आकडा आला कुठून?

लोकांना आवडेल असा इतिहास लिहिताना त्यातली कारणमीमांसा टिकते का? डेव्हिड मॅकलॉ (१९३३–२०२२) या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकांवरून हे चांगले तपासता येते. येल विद्यापीठात ते इंग्रजी साहित्य शिकले होते. तरीही त्यांची पहिली तीन पुस्तके विज्ञानशिक्षकांनी आवर्जून वाचावीत अशी आहेत.

'द जॉन्सटाउन फ्लड' (१९६८) मध्ये १८८९ साली धरण फुटून दोन हजारांहून अधिक माणसे दगावली त्याची हकिकत आहे. पाऊस प्रचंड पडला हे खरे. पण पाणी सोडण्याचे नळ आधीच काढलेले होते आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवलेल्या होत्या. 'द ग्रेट ब्रिज' (१९७२) मध्ये ब्रुकलिन पुलाच्या पायातले मजूर भेटतात. दाबाखालच्या हवेतून ते झटकन वर आले, की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होत आणि सांधे असह्य दुखत. पनामा कालव्यावरचे पुस्तक १९७७ चे. फ्रेंचांच्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याची भांडी ठेवत, आणि पीतज्वराचे डास त्यांतच वाढत!

पुढे मॅकलॉ थोर पुरुषांकडे वळले. 'ट्रुमन' (१९९२) आणि 'जॉन अ‍ॅडम्स' (२००१) या चरित्रांना पुलित्झर पारितोषिके मिळाली. इथे मात्र नायकावरचे प्रेम चिकित्सेवर मात करते. जपानवरची चढाई टळली तर पाच ते दहा लाख जीव वाचतील, असा लष्करी अंदाज असल्याचे 'ट्रुमन'मध्ये लिहिले गेले. अभ्यासकांनी मूळ कागद तपासले तेव्हा तो आकडा माजी अध्यक्ष हूवर यांचा निघाला. लष्करी अधिकाऱ्यांनी तर तो अवाच्या सवा ठरवला होता.

ही चूक किरकोळ म्हणून सोडता येत नाही. हिरोशिमाची चर्चा वर्गात निघाली, की हाच आकडा पारड्यात पडतो आणि चर्चा तिथेच संपते.

प्रयोगवहीत नुसते उत्तर लिहिले तर आपण विद्यार्थ्याला 'मोजलेस कसे?' असे विचारतो. हा प्रश्न इतिहासाच्या तासालाही विचारायला हवा. मुलांना मॅकलॉ जरूर वाचायला द्यावेत. आधी पनामा, मग 'ट्रुमन'. खाटेखालच्या भांड्यात डोकावायला शिकलेली मुले त्या आकड्यापाशीही थांबतील.