बावन्न ओळींतील मोकळ्या जागा

श्रीरंग अवधूतांची 'दत्तबावनी' गुजरातीत आहे, आणि बडोद्याच्या मराठी घरांतून ती दर गुरुवारी म्हटली जाते. कर्ते जन्मले गोध्र्यास, १८९८ साली. घराणे मात्र रत्नागिरीकडील वळामे यांचे. त्यांनी गुरू मानलेले वासुदेवानंद सरस्वती सावंतवाडीजवळच्या माणगावचे. १९३५ साली रचलेल्या या स्तोत्रात कोकण आणि नर्मदा यांचा असा संगम आहे.

काव्य म्हणून पाहता ती केवळ एक स्मरणमाला आहे, असा आक्षेप घेता येईल. सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'तील प्रसंगांचा तीत नुसता निर्देश येतो. परंतु हा संक्षेपच तिचे बळ होय. घेवड्याची कथा घ्या. पोथीत गरीब ब्राह्मणाच्या घरी श्रीगुरू शेंगांची भाजी जेवतात आणि निघताना तो वेल समूळ उपटून टाकतात. घरधनीण रडू लागते, कारण त्या वेलावरच संसार चाललेला असतो. पुढे मूळ खणू जाता सुवर्णाचा घट हाती लागतो. बावनीत वाल खाल्ल्याचा आणि घट दिल्याचा उल्लेख आहे. उपटलेला वेल नाही, ते अश्रू नाहीत. ते पाठकाने आपल्या मनात आणावयाचे. अंगणातील उकरलेली माती ज्यास दिसली, त्यास घटाचा आनंद निराळाच होतो. न दिसली, त्यास नुसता लाभ ऐकू येतो.

याच बडोद्यात १९०८ च्या आरंभी विष्णु भास्कर लेले यांनी अरविंदबाबूंना मन रिते करण्यास शिकविले. येथील वाट त्याहून निराळी, मन चित्रांनी भरण्याची आहे. पण चित्रे यावयाची कोठून? मुलांचे शिक्षण गुजरातीत वा इंग्रजीत होते आणि पोथीची जुनी मराठी त्यांना दुर्बोध वाटते. सप्ताहाचे कडक नियम बावनीस नाहीत, हे तिचे औदार्य खरे. पण आम्हा वकिलांच्या धंद्यात गोषवारा वाचून कोणी मूळ दस्तऐवज फेकून देत नाही. त्यात बावन्न गुरुवार, बावन्न पाठ हा नेम स्तोत्रातच सांगितलेला. मग मोजणीकडेच लक्ष लागते आणि पाठ धावू लागतो. दोष रचनेचा थोडा, म्हणणाऱ्यांचा फार.

माझ्या मते महिनाभर रोज एकच ओळ घ्यावी आणि तिची कथा पोथीतून वाचावी. दिवाळीतील आठ रूपांची ओळ घेतली, तर बोलावणारे शिष्य सातच होते हे प्रथम ध्यानी येते. आठवे रूप गाणगापूरच्या मठातच राहिले होते.