पडद्यावरची गोळी आणि वर्गातले गणित

विनोदी चित्रपटातला पोलीस मराठी प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. महेश कोठारे यांच्या ‘दे दणादण’ (१९८७) मधल्या हवालदाराला दैवी शक्ती मिळते आणि लाल रंग दिसला की ती नाहीशी होते. त्यांच्याच ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. शेवटी इन्स्पेक्टर त्या बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मधोमध गोळी मारून त्याला संपवतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल आणि रामदास पाध्ये यांचा बाहुला यांमुळे मुले हे चित्रपट आजही आवडीने पाहतात.

विज्ञानाच्या शिक्षकाने अशा चित्रपटांतल्या भुताखेतांवर आणि वरदानांवर टीका करावी, अशी अपेक्षा असते. मला ती टीका फारशी गरजेची वाटत नाही. बाहुला बोलतो हे खोटे आहे, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. चित्रपटही ते लपवत नाही. खरी अडचण इन्स्पेक्टरच्या हातातल्या पिस्तुलाची आहे. ते खऱ्यासारखे दाखवलेले असते, म्हणून मुले त्यावर विश्वास ठेवतात. या पिस्तुलाला आपण तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न नेमाचा. पिस्तुलावर नेम धरण्यासाठी मागे खाच आणि पुढे माशी असते. त्यांच्यातले अंतर १५ सेंमी धरू, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीएवढे. नेम धरताना माशी फक्त १ मिमी बाजूला सरकली, तर १० मीटरवर गोळी किती सरकेल? समरूप त्रिकोणांच्या नियमाने सुमारे ६७ मिमी. एवढ्या चुकीने गोळी भुवयांऐवजी कानाच्या बाजूने निघून जाईल. पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या छोट्या बाहुल्याच्या कपाळाचा वेध घेणे हा त्या कथेतला सर्वांत मोठा चमत्कार आहे, आणि तो चमत्कार म्हणून सांगितलेला नाही.

दुसरा प्रश्न धक्क्याचा. मारधाडीच्या चित्रपटांत, मग ते विनोदी असोत की गंभीर, गोळी लागलेला माणूस मागे उडतो, काच फोडून बाहेर पडतो. ९ मिमी पिस्तुलाच्या गोळीचे वस्तुमान सुमारे ८ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. तिचा संवेग ०.००८ × ३५० = २.८ किग्रॅ-मी/से. ती ६० किलोच्या माणसाच्या शरीरात थांबली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला ५ सेंमीपेक्षाही कमी. आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ७२ किमी वेगाने येतो असे समजा. त्याचा संवेग ३.२, म्हणजे गोळीपेक्षा जास्त. तो झेलणारा यष्टिरक्षक काही मागे उडत नाही. गंमत अशी की बाहुल्याचे वजन २ किलो धरले, तर त्याला मात्र सेकंदाला १.४ मीटर वेग मिळेल. बाहुला उडाला तर ते शास्त्राला धरून होईल, माणूस उडाला तर नाही.

मग चेंडू झेलता येतो आणि गोळी का नाही? याचे उत्तर गतिज ऊर्जेत आहे. चेंडूची ऊर्जा ३२ ज्यूल, गोळीची ४९० ज्यूल. म्हणजे पंधरा पट, आणि ती बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर येऊन पडते. संवेगात वेग एकदाच येतो, ऊर्जेत त्याचा वर्ग येतो. म्हणून गोळी माणसाला ढकलत नाही, ती शरीर फाडते. चित्रपट धक्का मोठा दाखवतो आणि जखम लहान. वास्तव नेमके उलटे आहे.

तिसरा प्रश्न नकली काडतुसाचा. चित्रीकरणात बऱ्याचदा बिनगोळीचे काडतूस वापरतात. त्यात दारू असते, शिशाची गोळी नसते. जड गोळी बाहेर पडत नसल्यामुळे नटाच्या हाताला मागे बसणारा झटका फार कमी असतो. पण नळीतून अतिशय तप्त वायू जोराने बाहेर येतोच. ऑक्टोबर १९८४ मध्ये अमेरिकी नट जॉन-एरिक हेक्सम यांनी दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणस्थळी असे काडतूस भरलेले पिस्तूल थट्टेने कानशिलाला लावून चाप ओढला. त्या दाबाने कवटी फुटली आणि त्यांचा मृत्यू झाला. ‘झपाटलेला’ आला त्याच वर्षी, ३१ मार्च १९९३ रोजी, ‘द क्रो’ च्या चित्रीकरणात ब्रँडन ली मरण पावले. आधीच्या दिखाऊ काडतुसातली गोळी नळीत अडकून राहिली होती, आणि नंतरच्या बिनगोळीच्या काडतुसाने ती बाहेर फेकली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’ च्या चित्रीकरणात तर बंदुकीत खरेच काडतूस निघाले आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा बळी गेला. ‘नकली आहे’ हे वाक्य सुरक्षिततेची खात्री देत नाही.

गोळी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या काही गावांना चित्रपटातून शिकावे लागलेले नाही. आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात असलेले झरी हे त्यांपैकी एक. मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारली शेतकऱ्यांनी वेठबिगार नाकारण्याचा निर्धार केला. त्या वेळी गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. अशा गावच्या शाळेत मुले पडद्यावरच्या पोलिसाला हसतात, आणि त्यांनी जरूर हसावे. पण गोळी लागलेला माणूस पुढच्या प्रसंगात हात झटकून उभा राहतो हे त्यांना खरे वाटू लागले, तर पणजोबांच्या काळी काय घडले तेही त्यांना नीट कळणार नाही.

यासाठी चित्रपट बंद करायची गरज नाही. एखादा विनोदी चित्रपट वर्गात चर्चेला घ्या. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून न भरता किती गोळ्या सुटल्या, ते मुलांना मोजू द्या. कोण किती अंतर उडाले ते लिहू द्या, आणि त्यासाठी गोळीचा संवेग किती हवा होता याचे गणित करू द्या. उत्तर काढून झाल्यावर त्याच गोळीची ऊर्जाही काढायला सांगा. बहुधा त्या दुसऱ्या उत्तरापाशी वर्ग थोडा शांत होईल.