ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ व शरणागतीची परिभाषा

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं त्याचीं पुनर्मुद्रणें झालीं. या तिहींपैकीं एकाहि मुद्रणाची प्रत आजवर उपलब्ध झालेली नाहीं. साल्ढाना यांनीं हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें जो रोमन पाठ प्रसिद्ध केला, तोच प्रमाण मानला जात असे. पुढें १९२३ सालीं जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन-संग्रहांतील देवनागरी पाठ उजेडांत आणून, हेंच स्टीफन्सचें मूळ लेखन, असें प्रतिपादिलें. या मताची परीक्षा अवश्य आहे. कारण प्रश्न केवळ लिपीचा नसून, गोमंतकांतील नवख्रिस्ती कोणत्या शब्दांनीं देवापुढें नम्र होत होता, याचा आहे.

दोन्ही पाठांतील ठळक भेद असा कीं, रोमन पाठांत जेथें धर्मविधींचीं पोर्तुगीज-लातिन नांवें आहेत, तेथें देवनागरी पाठांत बहुधा संस्कृत शब्द येतात. ॲबट यांच्या पक्षास बळकट आधार आहे. देशी अक्षरांचे सुमारें सहाशें ठसे करावे लागतील ही अडचण सांगूनहि, त्या अक्षरांत ग्रंथ छापण्याची इच्छा स्टीफन्सनें १६०८ सालच्या पत्रांत वरिष्ठांस कळविली होती. परंतु यावरून फार तर लिपीचा कल सिद्ध होतो. शब्द सिद्ध होत नाहींत. उलट, ग्रंथाच्या मराठी प्रस्तावनेंत तो स्वतःच सांगतो कीं, शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नाहीं, म्हणून कठीण शब्द टाकून ब्राह्मण भाषेचे, म्हणजे कोंकणीचे, सोपे शब्द मिसळले आहेत. अशा ग्रंथकाराच्या माथीं अधिक संस्कृतप्रचुर पाठ मूळ म्हणून मारणें आम्हांस साहसाचें वाटतें.

आतां खरा मुद्दा. रोमन पाठांतहि स्वर्गास ‘वैकुंठ’ आणि तारणास ‘मुक्ति’ हेच शब्द आहेत. म्हणजे विधींचीं नांवें परकीं राहिलीं, पण अंतःकरणाची भाषा देशीच राहिली. यावरून ख्रिस्ती विनम्रता व वारकरी शरणागति एकच, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. ख्रिस्ती प्रार्थनेचा कळस गेथशेमानेच्या बागेंत आहे. तेथें येशू दुःखाचा प्याला टळावा असें मागतो, आणि त्याच क्षणीं आपली इच्छा पित्याच्या इच्छेखालीं ठेवतो. मागणें आणि मागणें सोडणें या दोहोंच्या संयोगानें ती प्रार्थना पूर्ण होते. शब्द जुना असला तरी त्यांत भरलेला अर्थ ज्याचा त्यानेंच ठरविला पाहिजे.

या ग्रंथांतील भक्तिरस पाहून कोणी तुकोबांचे ऋण सुचवितात. तें कालगणनेस टिकत नाहीं. बहुमान्य शके १५३० (इ. स. १६०८) हें जन्मवर्ष धरिल्यास, ग्रंथ छापला तेव्हां तुकोबा आठ वर्षांचे बालक होते. आज पिंपरीच्या वसाहतीस संत तुकाराम नगर हें नांव आहे. देहूच्या या शेजारानें अशा भ्रमास भुलूं नये. तुकोबांचें खरें ऋण नारायण वामन टिळकांचें आहे. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनें अभंगांतच ख्रिस्ताची आळवणी केली, आणि तुकोबांच्या मार्गानें आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते उघड मानीत. स्टीफन्सनें ओवी उचलली ती शिकविण्यासाठीं. टिळकांनीं अभंग धरिला तो स्वतः प्रार्थना करण्यासाठीं. हा भेद दोघांच्याहि अभ्यासकांनीं राखावा.

निर्णय शेवटीं पोथ्यांवर आहे. १६८४ सालच्या पोर्तुगीज हुकुमानें देशी भाषांवर गदा आली. तरीहि हा ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला. गोमंतकांतील व दक्षिण कानड्यांतील जुन्या ख्रिस्ती घराण्यांत अशी प्रत आढळल्यास संग्राहकांनीं तींतील एकहि परका शब्द ‘सुधारूं’ नये. समासांतील खुणा, पुष्पिका व वारंवार हाताळल्यामुळें झिजलेलीं पानें यांचीहि नोंद करावी. कोणता भाग म्हटला जात असे, हें पुष्कळदा शाईपेक्षां तीं पानेंच अधिक स्पष्ट सांगतात.