‘कॅशलेस धसई’ : एका प्रचारसंदेशाची चिकित्सा

८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली आणि १ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले ‘कॅशलेस गाव’ म्हणून तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत घोषित झाले. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप यंत्रे दिली. उपक्रमाचे यशापयश हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. विषय आहे तो त्या दोन शब्दांचा.

संदेश आटोपशीर आहे. म्हणून तो सुबोध आहे, असे मात्र म्हणता येत नाही. ‘कॅशलेस’ हे विशेषण गावाची अवस्था सांगते. ग्राहकाने काय करावे, हे सांगत नाही. १९९५ पासूनच्या पल्स पोलिओ मोहिमेतील ‘दोन थेंब’ या शब्दांत कृती आणि तिचे प्रमाण दोन्ही सामावले होते. ‘कॅशलेस’चा शब्दशः अर्थ ‘रोकड नसलेला’. त्या महिन्यात तर अवघा देशच तसा होता! आसपासच्या पाड्यांवरून बाजाराला येणाऱ्या माणसाला पडणारे प्रश्न निराळेच असतात. कार्ड नसेल तर माल मिळेल काय? यंत्राचा जादा आकार कोण भरणार? रेंज गेली तर? यांपैकी एकाचेही उत्तर त्या घोषणेत नाही. तिचा खरा श्रोता धसईच्या बाजारात नसून मुंबईत होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘येथे कार्डानेही पैसे देता येतात’ एवढे वाक्य पुरेसे होते. त्यातील ‘ही’ हे एक अक्षर रोखीचा मार्ग खुला ठेवते आणि म्हणूनच ते वाक्य खरे ठरते; मथळ्यासाठी मात्र निरुपयोगी.